जिथे कोंबडा आरवत नाही

२ ऑगस्ट

भर दुपारी आमचा कोंबडा आरवला. आई असती तर म्हणाली असती, अवेळी आरवणारा कोंबडा कुणाचं तरी वाईट सांगतो, आणि ते टळावं म्हणून लगेच छातीवर तीनदा थुंकल्यासारखं केलं असतं. मीही केलं. थू थू थू. उभा जन्म पोरांना प्राचीन ग्रीक शिकवण्यात गेला, अंधश्रद्धेवरचे निबंध तपासून लाल शाई संपवली, पण तोंडाची सवय काही जात नाही.

माझा नवरा थोदोसिस ओट्यावर बसून खाप मारायची कुऱ्हाड घासत होता. उद्या वरच्या पाइनांना नव्या खापा द्यायच्या, राळेच्या पिशव्या बदलायच्या. हसत म्हणाला, "काय बाई, शास्त्र गेलं वाटतं चरायला?"

"तुझ्या कोंबड्याला रविवारी रश्श्यात घालते, मग बघू कोण चरतं ते."

उकाडा असा की भिंतींना हात लावला तर चटका बसतो. उत्तरेकडचं आकाश तपकिरी झालंय. झांबेताला फोन केला. ही माझी धाकटी बहीण. डोंगराच्या धारेपलीकडे, समुद्राच्या बाजूला स्ताव्रोलाकात राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घर एक आणि मधमाश्यांच्या पेट्या चाळीसेक, एवढाच तिचा संसार. म्हणाली, "ताई, माश्या आज बाहेरच पडत नाहीयेत." मी म्हटलं, त्यांनाही ऊन लागत असेल.

४ ऑगस्ट

सकाळी गावातले सगळे फोन एकदम किंचाळले. वणवा येतोय, गाव सोडा, किनाऱ्यावर जा, असा सरकारी निरोप. स्ताव्रोलाकालाही तोच आला. तिथली माणसं शहाणी, बोटीत बसून गेली. झांबेताही गेली. आम्ही पेव्कोनीकर मात्र चौकात उभं राहून वाद घालत बसलो.

"घर सोडलं की घर जातं," थोदोसिस म्हणाला. "आग रिकाम्या घराला ओळखते." गावचे अध्यक्ष वालांदिस म्हणाले, "मी जाणार नाही. ज्याला जायचं त्याने जावं, नंतर तोंड दाखवू नये." एवढं ऐकल्यावर कोण जातंय! ज्यांनी गाडीत गाद्या भरल्या होत्या त्यांनी त्या गुपचूप उतरवल्या. मीही राहिले. थोदोसिसला सोडून कुठे जाणार होते?

५ ऑगस्ट

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी आग धारेवर आली. आवाज येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाइनची झाडं राळेने भरलेली, ती पेटायच्या आधीच फुटतात. पापा-याकोवोस, आमचे पाद्री, यांनी चर्चमधून मरियामातेची तसबीर बाहेर काढली. आम्ही बायका तिच्या मागून खळ्यापर्यंत गेलो. ओले फडके तोंडावर, डोळ्यांतून पाणी, आणि जे आठवेल ते म्हणत होतो. पुरुष वर धारेवर गेले होते. थोदोसिस, वालांदिस आणि आणखी तिघे. कुऱ्हाडी, फावडी आणि शेडमधले पत्र्याचे दोन डबे घेऊन. मी ओरडले, "अरे, डबे कशाला? वर हौद भरलेला आहे!" त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मग ते झालं. आग थेट आमच्यावर येत होती. गालाला झळ लागत होती. पापा-याकोवोसने तसबीर डोक्यावर धरली आणि आगीने मान वळवली. दुसरा शब्द मला सुचत नाही. गुराखी दगड मारतो आणि गाय वळते, तशी वळली. धूर घळीकडे ओढला गेला, पलीकडच्या अंगाला उतरला, आणि आमच्या डोक्यावरचं आकाश मोकळं झालं. कुणीतरी घंटा वाजवायला सुरुवात केली. ज्या बाईशी मी पाण्याच्या पाळीवरून तीन वर्षं बोलत नव्हते तिच्या गळ्यात पडून रडले. आणि मी, एवांथिया, जी ईस्टरलाही कुरकुरत चर्चला जाते, मी गुडघ्यांवर बसले.

थोदोसिस सांजेला परत आला. भुवया नाहीत. पापण्याही अर्ध्या गेल्यात. अंगाला राळेचा आणि पेट्रोलचा वास. शर्ट दोनदा धुतला तरी जात नाही, करवतीच्या मशीनशी झटत होता बहुतेक. भुवयांच्या जागी मलम लावलं. तांब्याभर पाणी प्यायला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मी म्हटलं, "अरे, चमत्कार झाला, चमत्कार!" तो म्हणाला, "हं."

झांबेताचा फोन लागत नाही. उद्या बघू.

६ ऑगस्ट

स्ताव्रोलाका जळालं.

आज द्राक्षांना आशीर्वाद द्यायचा सण. पापा-याकोवोसने राख बसलेली द्राक्षं वाटली. ती तोंडात असतानाच बातमी आली. माणसं सगळी वाचली, घरं मात्र नाहीत.

संध्याकाळी झांबेता आली. कुणीतरी गाडीने चौकात सोडलं. हातात पर्स, घराची किल्ली आणि मधमाश्यांना धूर द्यायचं ते पत्र्याचं धुराडं. घाईत जे हाताला लागलं ते उचललं म्हणाली. मुलुखभर धूर भरला होता आणि ही धुराडं घेऊन पळाली. आम्ही दोघी त्यावर हसलो, आणि मग हसणं थांबेचना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

थोदोसिस स्वयंपाकघराच्या दारात आला. झांबेताने वर पाहिलं. "दाजी, तुमच्या भुवया?"

"गेल्या," तो म्हणाला, आणि मागच्या दाराने शेळीकडे गेला. दोन शब्द सांत्वनाचे बोलायला काय जातं माणसाचं?

१० ऑगस्ट

झांबेता मागच्या खोलीत. पहाटे उठते, अंथरुणाची घडी करते, जणू पाहुणी आहे. काल एकटीच धारेवर चालत गेली. परत आल्यावर मी विचारलं, काय पाहिलंस? म्हणाली, "एका बाजूला हिरवं, एका बाजूला काळं. मधे घळ." आणि बूट काढून पायऱ्यांवर कितीतरी वेळ बसून राहिली.

थोदोसिस जेवायला घरी येत नाही. चहाकॉफीच्या दुकानात खातो. माझ्या माहेरचं माणूस घरात आलं की याच्या पोटात दुखतं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, पण अशा वेळी तरी! आज तोंडावर बोलले. "तिचं घर गेलंय. चार दिवस तुझ्या टेबलावर बसली तर टेबल झिजतं का?"

"नाही झिजत," तो म्हणाला.

"मग?"

"भूक नाही, एवांथिया."

१३ ऑगस्ट

आज वालांदिस आणि पापा-याकोवोस आले. खळ्यावर, जिथे तसबीर उंचावली तिथे, एक छोटं देवघर बांधायचं आणि त्यावर संगमरवरी पाटी लावायची. मजकूर माझ्याकडून हवा. "बाई, काहीतरी प्राचीन लिहा," वालांदिस म्हणाले. "भारदस्त. वाचताना माणसाने टोपी काढली पाहिजे."

मला एका क्षणात सुचलं. अपोत्रोपेओस. मरियामाता अपोत्रोपेओस.

पापा-याकोवोसच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "अहो बाई, बातम्यांत खून झाला की हा शब्द वापरतात! किळसवाणा, भयंकर! देवाच्या आईला?"

मग काय, मला वर्ग मिळाला. मी सांगितलं की हा अर्थ अलीकडचा. जुन्या लोकांसाठी अपोत्रोपेओस म्हणजे वळवणारा. अरिष्ट दारात आलं की त्याला मागे फिरवणारा देव. कुंभार भट्टीच्या तोंडावर जीभ बाहेर काढलेला अक्राळविक्राळ मुखवटा टांगायचे, सैनिक ढालीवर भेसूर चेहरा काढायचे. वाईटाने आणखी वाईट पाहावं आणि घाबरून दुसरी वाट धरावी. पुढे लोक विसरले की तो चेहरा कशासाठी होता, त्याचं भेसूरपण तेवढं शब्दाला चिकटून राहिलं. "आपण शब्दाला त्याच्या घरी परत आणू," मी म्हटलं. वाक्य मलाच आवडलं.

"वळवणारी," वालांदिस म्हणाले. "बरोबर आहे. वळवलीच की तिने."

झांबेता कॉफी घेऊन आली होती. ट्रे टेबलावर ठेवला आणि विचारलं, "वळवली, हो. पण कुठे?"

दोघांनीही कपात पाहिलं. थोदोसिस दारात उभा होता, त्याच्या हातातला कुऱ्हाडीचा दांडा खाली पडला. मी म्हटलं, "अगं, शब्दात ते नाही. शब्द नुसतं वळवणं सांगतो." आणि विषय बदलला, कारण बिचारीला वाईट वाटलं असणार. पाद्रींनी कॉफी तशीच ठेवली. साखर जास्त झाली असावी.

१५ ऑगस्ट

मरियामातेचा मोठा सण. मिरवणुकीत तसबिरीचा पुढचा उजवा दांडा कायम थोदोसिसच्या खांद्यावर. आमच्या लग्नाच्या आधीपासून. आज म्हणाला, खांदा दुखतो. दुखणाऱ्या खांद्याने काल त्याने अर्धं जंगल फोडून शेडमध्ये रचलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वर्षभर देवाचं नाव घेऊ नका आणि त्याने तुमचं गाव वाचवलं त्याच वर्षी खांदा दुखवा!

एक मात्र सांगायला हवं. आमचं गाव इतकं उदार कधी नव्हतं. झांबेतासाठी रोज कुणी ना कुणी काहीतरी आणतंय. रजई, चीजचा डबा, भांडी. वालांदिसच्या बायकोने तर शिवणयंत्र आणून ठेवलं, जे तिने स्वतःच्या सुनेला हात लावू दिलं नव्हतं. आणतात, दारात ठेवतात आणि बसा म्हटलं तरी बसत नाहीत. मी झांबेताला म्हटलं, "बघ, माणुसकी अजून शिल्लक आहे."

ती म्हणाली, "बघतेय ताई."

२० ऑगस्ट

खाल्कीदा शहरातून अग्निशमन दलाची एक तरुण अधिकारी आली होती. आग कशी सरकली याचा तपास. घरोघर विचारत होती. मी तिला सगळं नीट, क्रमाने सांगितलं. तसबीर, खळं, वळणं. पुरुष धारेवर कुऱ्हाडी, फावडी आणि डबे घेऊन गेल्याचंही सांगितलं.

"कसले डबे?" तिने विचारलं.

वालांदिस सोबत होते. "पाण्याचे," ते लगेच म्हणाले. "पाण्याचे हो. दुसरे कसले?"

तिने लिहून घेतलं. जाताना वालांदिस माझ्यावर उगाच चिडले. "बाई, जेवढं विचारलं तेवढंच बोलावं." ते तिसरीत होते तेव्हापासून मी त्यांना ओळखते, मला शिकवतात! नंतर फाटकाशी थोदोसिसशी कुजबुजत होते. "सगळ्यांनी एकच सांगायचं. वारा." एवढं कानावर आलं. राळेच्या भावाचं काहीतरी असणार, सोसायटीत कायम यांचं राजकारण चालू.

वर हौद असताना पाणी खालून का नेलं, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. असो. पुरुषांची कामं.

२७ ऑगस्ट

दोन दिवस डोकं ठणकत होतं. झांबेता म्हणाली, "तुला दृष्ट लागलीय ताई. पाटीचं ऐकून सगळे तुझं कौतुक करतायत ना." आमच्याकडे दृष्ट काढायचे शब्द पुरुषाकडून बाईने आणि बाईकडून पुरुषाने शिकायचे असतात. तिला ते आजोबांनी शिकवले, मला शिकवले नाहीत. म्हणायचे, ही प्रश्न विचारते.

वाटीत थोडंसं पाणी घेतलं, तेलाचे थेंब सोडले. तेल पाण्यात पसरलं, म्हणजे लागली होती. ती जांभया देत पुटपुटू लागली. शेवट मला ठाऊक आहे, तो मोठ्याने म्हणतात. ऊठ आणि जा, ओसाड डोंगरात जा, जिथे कोंबडा आरवत नाही, कुत्रा भुंकत नाही, जिथे कुणी भाकरी भाजत नाही. लहानपणी मला तो भाग फार आवडायचा. वाईटाला नुसतं हाकलत नाहीत, त्याला पत्ता देतात.

आज झांबेता "जिथे" म्हणाली आणि थांबली.

"काय झालं?"

"विसरले."

तिला काय विसरायला झालंय! वाटी घेऊन अंगणात गेली. ते पाणी कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी टाकायचं असतं. खिडकीतून पाहिलं तर ती हातात वाटी धरून उभी. आधी डाळिंबाकडे गेली, मग कुंपणाकडे, परत मधे आली. ऊन डोक्यावर. शेवटी वाटी ओट्यावर ठेवली आणि शेजारी बसली. पाणी उन्हाने आटेपर्यंत बसली होती. डोकं आपोआप उतरलं.

३१ ऑगस्ट

थोदोसिस शेडमध्ये दिवसभर ठोकाठोक करतो. विचारलं तर "फळ्या" म्हणतो. आज दार उघडं राहिलं होतं. आत मधमाश्यांच्या पेट्या, एकावर एक, छतापर्यंत. रंधा मारलेल्या, कोपरे सुतासारखे सरळ. म्हणजे याच्या मनात तिची काळजी आहे तर! आणि मी एवढं बोलले. पण मग तोंड का लपवतो? देणाऱ्याने ताठ मानेने द्यावं.

झांबेताला सांगितलं. वाटलं, आनंद होईल. ती म्हणाली, "पेट्या ऐकू येतात मला. पहाटेपासून ऐकते." आणि शेंगा निवडत राहिली.

४ सप्टेंबर

पाटी आली. अक्षरं सुरेख उतरलीत. मी बोट फिरवून एकेक तपासलं. थोदोसिस मागे येऊन उभा राहिला. "हे लावू नका," म्हणाला.

"का?"

त्याने पाटीची कडा अंगठ्याने घासली. मग म्हणाला, "एवांथिया, बस जरा. तुला काही सांगायचंय."

माझ्यासमोर उद्घाटनाच्या भाषणाचे कागद पसरलेले. शेवटचा परिच्छेद नेमका जुळत आला होता. मी म्हटलं, "जेवताना सांग." त्याने टोपी घातली आणि गेला. जेवायला आला नाही. इतक्या वर्षांत "तुला काही सांगायचंय" असं हा माणूस पहिल्यांदाच बोलला, आणि तेही माझ्या भाषणाच्या ऐन वेळी.

८ सप्टेंबर

सगळं गाव खळ्यावर होतं. स्ताव्रोलाकाचीही काही माणसं आली होती, वालांदिसने मुद्दाम बोलावलेली. त्यांना मागे, अक्रोडाखाली उभं केलं होतं. झांबेता त्यांच्यात जाऊन उभी राहिली. पाटीवरची चादर काढली. टाळ्या.

मी भाषण केलं. शब्दाचा इतिहास सांगितला, मुखवटे सांगितले, लोक मन लावून ऐकत होते. शेवटी म्हटलं, हा शब्द मेलेला नाही, आपल्या आजीच्या तोंडी तो रोज होता. आणि ते दृष्टीचे शब्द म्हणून दाखवले. जा, जिथे कोंबडा आरवत नाही, कुत्रा भुंकत नाही. इथे टाळ्या येतील असं मला वाटलं होतं.

झांबेताने आवाज चढवला नाही. "ताई, आमच्याकडे आता कोंबडा आरवत नाही. कुत्राही भुंकत नाही. पत्ता बरोबर लागला म्हणायचा."

"झांबेता, आजच्या दिवशी नको," वालांदिस म्हणाले.

"मग कुठल्या दिवशी, अध्यक्ष?"

तेवढ्यात थोदोसिस गर्दीतून बाहेर आला. मला वाटलं, हा आता तिला गप्प बसवणार. मी त्याचा हात धरला, त्याने सोडवला. अक्रोडापाशी गेला, टोपी काढली. भुवया आता कुठे यायला लागल्यात, पांढऱ्या.

"काडी मी लावली," तो म्हणाला.

कुणीतरी मागून "थोदोसिस!" म्हणून ओरडलं.

"घळीच्या तोंडाशी. पेट्रोल ओतलं आणि काडी लावली. वाटलं, आपली आग पुढे जाईल, मधलं सगळं खाऊन टाकेल, मोठीला खायला उरणार नाही. वारा समुद्रावरच्या ओसाड कड्याकडे वाहत होता. तिकडे कुणीच राहत नाही. मग वारा फिरला आणि सगळं घळीतून तुमच्याकडे उतरलं." तो झांबेताकडे वळला. "मी वरून बघत होतो, झांबेता. आमच्याकडून वळली तेव्हा मला बरं वाटलं. तुझं घर दिसत होतं मला, आणि मला बरं वाटलं."

झांबेता त्याच्याकडे बघत होती. "ठाऊक आहे, दाजी. तुम्ही भुवया नसलेले दारात आलात तेव्हाच कळलं. राळेच्या घरात वाढलेय मी, भुवया आग विझवताना नाही, पेटवताना जातात. तुम्ही कधी सांगता, त्याची वाट बघत होते."

पापा-याकोवोस जमिनीकडे बघत होते. वालांदिस बघत होते. शिवणयंत्र देणारी बाई बघत होती. एकेकाकडे पाहिलं तेव्हा मला कळलं की इथे ज्याला हे नवीन आहे अशी मी एकटीच आहे.

११ सप्टेंबर

खाल्कीदाची ती अधिकारी परत आली. थोदोसिसने तिला सगळं सांगितलं. सोबत कोण होतं, विचारलं तर म्हणाला, मी एकटाच. खटला होणार. परवानगीशिवाय लावलेली आग ती आग, कारण काही का असेना. तुरुंग होईल का, ते वकीलही सांगू शकत नाही.

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. राग आहे, पण कशाचा, ते नीट सांगता येत नाही. काडी लावल्याचा? त्याने ती लावली नसती तर मी या टेबलाशी बसून लिहीत नसते. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कसं लिहू? तो सांगायला आला आणि मी जेवताना सांग म्हटलं, तो राग माझ्यावरच आहे. आणि आणखी एक आहे. घंटा वाजली तेव्हा मीही आनंदाने रडले. धारेपलीकडे काय आहे हे मला लहान पोरापेक्षा जास्त ठाऊक होतं, तिथे माझी बहीण राहत होती. घंटा वाजताना ती माझ्या मनात आली नाही. बरं मलाही वाटलं होतं.

१३ सप्टेंबर

पाटीवर परत चादर घातलीय. आमच्याकडे कुणी येत नाही. गावाला चमत्कार हवा होता, थोदोसिसने तो काढून घेतला. वर आता नुकसानभरपाईच्या वेळी स्ताव्रोलाका आपल्याला कोर्टात खेचेल, असं दुकानात चाललंय.

आज दारात फुलझाडांना पाणी घालत होते. मी जिच्या गळ्यात पडून रडले होते ती बाई रस्त्याने आली. आमच्या फाटकासमोर आली तेव्हा मान खाली घातली आणि छातीवर तीनदा थुंकली. थू थू थू. हळूच, पण मी पाहिलं. मला वाटायचं, भेसूर मुखवटा भट्टीवर असतो. आता तो आमच्या दारावर आहे.

आत येऊन थोदोसिसच्या समोर जेवण ठेवलं आणि त्याच्यासमोर बसले. तो जेवला.

१६ सप्टेंबर, स्ताव्रोलाका

झांबेता परत आली. सरकारने एक पत्र्याची खोली दिलीय, जुन्या घराच्या चौथऱ्याशेजारी. मी म्हटलं, आमच्याकडे राहा, हिवाळा काढ. म्हणाली, "तुमच्याकडे राहिले तर मला रोज त्याला माफ करावं लागेल, ताई. एवढी ताकद नाही माझ्यात."

थोदोसिसने पिकअपमध्ये पेट्या भरल्या. मी खुराड्यात गेले आणि कोंबड्याला धरलं. चोचीने मनगट फोडलं त्याने. दोन कोंबड्याही घेतल्या. सगळी वाट त्याला मांडीवर कपड्यात गुंडाळून आणलं. धारेवरून खाली उतरताना थोदोसिस समोर बघून गाडी चालवत होता, आणि मी पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना पाहिलं.

झांबेताने पेट्या कुठे ठेवायच्या ते बोट दाखवून सांगितलं. "दाजी" म्हणाली नाही, नावही घेतलं नाही. त्याने एकेक उचलून नेली, खाली दगड सारून समतल केली. फुलं नाहीत, पाइन नाहीत, या पेट्यांत माश्या कधी येतील कुणास ठाऊक. तरी तिने प्रत्येक पेटीचं झाकण उघडून आतून हात फिरवला. एकीचा कोपरा तिच्या बोटाला लागला. तेव्हा म्हणाली, "इथे अजून रंधा हवा."

"उद्या मारतो," तो म्हणाला.

"उद्या पाण्याचं पिंपही आणा."

कोंबडा जाळीत कोपऱ्यात फुगून बसला होता. भाकरी टाकली तरी ढुंकून पाहीना. आम्ही तिघं चौथऱ्यावर वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून भाकरी आणि टोमॅटो खाल्ले. वारा नव्हता. राखेचा वास अजून आहे. मग ऐन दुपारी, ऊन डोक्यावर असताना, कोंबडा उठला, पंख झाडले आणि आरवला. त्या काळ्या डोंगरांत आवाज लांबवर गेला. झांबेताच्या हातातला घास तसाच राहिला. थोदोसिसने मान खाली घातली.

अवेळी आरवला. तोंडात थुंकी आली, हात छातीशी गेला. मी समोर घळीकडे पाहिलं, वर धारेकडे पाहिलं, धारेमागे आमचं गाव आहे. मग थुंकी गिळली.